मागील वर्षाचा वापर

सरकारी रुग्णालयातला सगळ्यात खरा कागद कुठल्याही फायलीत सापडत नाही. तो नातेवाइकाच्या शर्टाच्या खिशात असतो. केसपेपरची फाडलेली कड किंवा कुठल्याशा औषध कंपनीच्या पॅडचं पान, त्यावर तीन ओळी: एक अँटिबायोटिक इंजेक्शन, एक आयव्ही सेट, दोन कॅन्युला. वर रुग्णालयाचं नाव नाही, खाली सही नाही, शिक्का तर नाहीच नाही. कारण बाहेरची औषधं लिहून द्यायची नाहीत अशी परिपत्रकं वर्षानुवर्षं निघतात आणि डॉक्टरांना ती तोंडपाठ असतात. पण समोर खाटेवर पेशंट असतो आणि स्टोअरमध्ये औषध नसतं. मग डॉक्टर लिहितात, फक्त आपण लिहिल्याचा पुरावा मागे ठेवत नाहीत.

माझी नोकरी सिंधुदुर्गातल्या सरकारी रुग्णालयांत, औषधाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला गेली. औषधनिर्माण अधिकारी असं भारदस्त पदनाम. लोक फार्मासिस्ट म्हणायचे, म्हातारी माणसं शेवटपर्यंत कंपाउंडरच म्हणत राहिली. चिठी घेऊन माणूस आधी खिडकीशी यायचा. मी ‘नाही’ म्हटलं की तो एकदा चिठीकडे, एकदा माझ्यामागच्या रॅककडे बघायचा. रॅक तर भरलेला दिसायचा. मग हळू आवाजात, “सायबानू, मगे ह्यां खंय गावतला?” मी समोरच्या मेडिकलकडे बोट करायचो. मेडिकलवाला चिठीवरचं अक्षर माझ्यापेक्षा लवकर लावायचा, कारण रुग्णालयात काय संपलंय हे त्याला माझ्याइतकंच माहीत असायचं. कधी कधी आधी माहीत असायचं.

रुग्णालयांच्या दुरवस्थेवर लिहिणारे पैसा नाही, डॉक्टर नाहीत, भ्रष्टाचार आहे, या तीन गोष्टी लिहितात. तिन्ही खऱ्या आहेत आणि तिन्हींवर भरपूर लिहून झालंय. खिडकीच्या आतून मला आणखी एक गोष्ट दिसत राहिली. आपल्या व्यवस्थेत टंचाई स्वतःची नोंद स्वतःच पुसून टाकते. एखादी वस्तू नसली की तिची गरज कागदावर वाढायला हवी ना? आमच्याकडे ती कमी होते.

कशी, ते सांगतो. दर वर्षी वरून मागणीचा तक्ता येतो. स्तंभ ठरलेले: औषधाचं नाव, मागील वर्षाचा वापर, शिल्लक साठा, पुढील वर्षाची मागणी. मागणी वापरावरून ठरवायची, वर थोडी टक्केवारी वाढवून. हिशेब शहाणा वाटतो, आणि साठा बाराही महिने असेल तर तो शहाणाच आहे. पण समजा एखादं इंजेक्शन एप्रिल ते जुलै होतं आणि पुढे मार्चपर्यंत आलंच नाही. तक्त्यात वापर चार महिन्यांचा लागणार. उरलेले आठ महिने तालुक्यातली माणसं ठणठणीत होती असं नाही, ती समोरच्या मेडिकलमध्ये होती. तक्त्याला मेडिकल दिसत नाही. मग पुढच्या वर्षी चार महिन्यांच्या वापरावर टक्केवारी चढते, मंजुरी देताना वरच्या पातळीवर त्यालाही कात्री लागते, आणि येताना आणखी कमी येतं. दोन-तीन वर्षांत ते औषध ‘स्लो मूव्हिंग’ या सदरात जाऊन बसतं. चौथ्या वर्षी नवा कोणी साहेब आढावा बैठकीत विचारतो, एवढा कमी वापर असलेली आयटम यादीत कशाला?

यात कोणी वाईट माणूस नाही. त्यामुळेच हे चालू राहतं.

फार्मासिस्टने मागणी वाढवून का कळवू नये, असं कोणीही विचारेल. ऑडिट हे त्याचं उत्तर. मुदतबाह्य झालेल्या औषधाची चौकशी होते. खुलासा मागवतात, वेळ आली तर पगारातून वसुलीची भाषा होते. पेपरात फोटो येतो, ‘रुग्णालयामागे औषधांचा साठा जाळला’. आणि जे औषध आठ महिने नव्हतं? त्याबद्दल माझ्या सगळ्या नोकरीत ऑडिट पार्टीने एकदाही विचारलं नाही. विचारणार कशावरून? त्याची नोंदच कुठे नसते. मी नवा असताना एका जुन्या फार्मासिस्टने चहा पिता पिता सांगितलं होतं, “उरलेला औषध तुझ्या डोक्यार, नसलेला सरकारच्या.” हे एकदा कळलं की माणूस मागणी कशी भरेल ते सांगायला नको. जिल्ह्याजिल्ह्यातून अशा सावध मागण्या मुंबईला जातात, तिथे त्यांची बेरीज होते आणि त्या बेरजेला राज्याची गरज म्हणतात.

बेरीज करणाऱ्यांना ऋतूही नसतात. कोकणात सापाचं औषध वर्षाला किती लागतं, यापेक्षा कधी लागतं हा प्रश्न मोठा आहे. लावणीला चिखलात पाय घातले की सुरुवात होते, आणि भातकापणीच्या दिवसांत विळ्याखाली हात गेला की फुरसं डसतं. प्रतिसर्पविष इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं अशा चौघांवर एकच असतं. कुपीत पांढरी भुकटी, 10 मिलीच्या पाण्यात विरघळवायची. ती हिसडून हलवायची नसते, फेस होतो. दोन्ही तळहातांमध्ये घोळवत बसायचं. आणि एका कुपीने भागत नाही, विषबाधा झालेल्या माणसाला सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या लागतात, पुढे रक्त गोठेना तर आणखी तेवढ्याच. पेशंट टेबलावर, नातेवाईक दारात आणि दोन सिस्टर काही न बोलता कुप्या घोळवतायत, हे ज्याने पाहिलं नाही त्याला ‘कोकण विभागाची वार्षिक मागणी’ हा शब्दप्रयोग किती पोकळ आहे ते कळणार नाही. एका रात्रीत दोन पेशंट आले की लहान रुग्णालयाचा महिन्याचा साठा संपतो. मग पहाटे शेजारच्या तालुक्याला फोन, ‘हातउसनं’ द्या म्हणून. फार्मासिस्टांचं आपसातलं हे हातउसनं नसतं तर जिल्हा कधीच कोलमडला असता. त्याचाही कुठल्या धोरणात उल्लेख नाही.

सापावरून आठवलं. घोणस किंवा फुरशाचं, म्हणजे रक्त गोठू न देणारं विष भिनलंय का, हे बघायची चाचणी अगदी साधी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी एकदाच कलती करून बघायची. गोठलं तर तेवढ्यापुरतं ठीक. नाही गोठलं तर इंजेक्शन चालू करायचं. नळी काचेचीच हवी, कारण प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तही लवकर गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. साबणाने धुतलेली काचही चालत नाही. प्रयोगशाळांत सगळीकडे प्लास्टिकच्या रंगीत टोपणांच्या नळ्या आल्या आणि साध्या काचेच्या टेस्ट ट्यूब खरेदीच्या यादीतून हळूहळू गळल्या. महागडं इंजेक्शन फ्रिजशेजारच्या कपाटात आहे, पण ते द्यायचं की नाही हे ठरवणारी चार-पाच रुपयांची नळी नाही, अशी वेळ आम्ही पाहिलीय. शाळेच्या प्रयोगशाळेतून नळ्या आणून ठेवणारे एक मेडिकल ऑफिसर होते. त्यांना त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही, आणि देवाची कृपा, खुलासाही मागितला नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर सगळ्यांना माहीत आहेत, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लाल विंचवाच्या दंशावर त्यांनी प्राझोसिन वापरून दाखवलं. ही रक्तदाबाची साधी गोळी. कोकणातल्या किती पोरांचे प्राण त्या गोळीने वाचले याची गणती नाही. अशा गोळीची किंमत कधीच अडचणीची नसते. ती यादीत असणं, यादीतली दरकरारात, म्हणजे सरकारने पुरवठादाराशी ठरवलेल्या दरात असणं, आणि दरकरारातली पावसाळ्याआधी तालुक्याला पोचणं, या तीन पायऱ्यांवर ती कुठेतरी थांबते. दरकरार संपला आणि नवा झाला नाही, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात नेहमीचं वाक्य. निधी आहे, गरज आहे, पुरवठादार आहे, पण दर ठरलेला नाही, म्हणून खरेदी नाही. मग स्थानिक खरेदी. तिला मर्यादा, तिला तीन कोटेशनं, वरून मिळत नसल्याचा दाखला. हा दाखला यायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात पेशंट एक तर घरी गेलेला असायचा किंवा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात.

पैसाही ऋतू बघून येतो, फक्त त्याचा ऋतू मार्च असतो. वर्षभर हाताला न लागलेली ग्रँट शेवटच्या आठवड्यात बीडीएसवर, म्हणजे सरकारी निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर दिसते आणि 31 तारखेच्या आत ट्रेझरीत बिलं टाकायची असतात. त्या आठवड्यात जे पटकन मिळतं ते घेतलं जातं. जे लागतं ते पटकन मिळतंच असं नाही. मग मे महिन्यात खोके उतरतात. कापूस, बँडेज, सलाइनच्या बाटल्या, आणि ज्याची मागणी कोणी केली आठवत नाही असं एखादं सिरप. स्टोअर तुडुंब. बाहेर चिठ्या चालूच. लोकांना वाटतं आम्ही दडवून ठेवतो. बिचाऱ्यांचं काही चुकत नाही, त्यांना रॅक दिसतो ना.

खरेदीचं घोडं कुठे पेंड खातं याचा शोध राज्य सरकारनेही घेतला. 2017 मध्ये वेगवेगळ्या खात्यांची खरेदी एकत्र करून ती हाफकिन महामंडळाकडे दिली. कल्पना वाईट नव्हती. पण हाफकिन हे नाव लशींचं. 1899 साली प्लेगच्या लशीसाठी परळला उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेची ती परंपरा. लस बनवणं आणि अख्ख्या राज्यासाठी सलाइनपासून सीटी स्कॅनपर्यंत निविदा काढणं ही दोन अगदी वेगळी कौशल्यं आहेत. निविदा रेंगाळल्या, खात्यांनी आगाऊ दिलेला निधी पडून राहिला, खाली आमच्या तक्त्यांत शून्यं वाढली. शेवटी 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीचं स्वतंत्र प्राधिकरण केलं. प्रत्येक बदलाच्या वेळी मधलं एक वर्ष जुनं बंद आणि नवं सुरू नाही अशा अवस्थेत जातं. त्या वर्षाचा कमी झालेला वापर पुढच्या वर्षीच्या मागणीचा पाया होतो, हे मी सांगायला नको.

तामिळनाडूने हे 1995 पासून करून दाखवलंय. त्यांचं औषध खरेदीचं महामंडळ 1994 मध्ये झालं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, तिथे साधारण तीन महिन्यांचा साठा, माल आला की नमुना तपासणीला आणि निकाल आल्यावरच वाटप. पण मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक रुग्णालयाला दिलेलं पासबुक. बँकेसारखंच. त्यात रक्कम लिहिलेली असते, आणि त्या रकमेच्या आत रुग्णालयाने यादीतलं हवं ते, हवं तेव्हा गोदामातून उचलायचं. वर्षाच्या सुरुवातीला ‘अमुक इतकी इंजेक्शनं लागतील’ असं ज्योतिष सांगून त्याला वर्षभर बांधून घ्यायचं नाही. पाऊस जास्त झाला, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप वाढला, त्यावरची डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) जास्त उचला. फार मोठी अक्कल लागत नाही याला. खालच्या माणसावर थोडा विश्वास टाकावा लागतो, एवढंच. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 ला मोफत औषध योजना सुरू करताना बरंचसं हेच वळण घेतलं. आपण अजून प्राधिकरणाच्या पाट्या बदलतोय, अशी माझी तक्रार आहे. निवृत्त माणसाला तक्रारीचा हक्क असतो.

खाटांचं गणितही याच जातीचं. ग्रामीण रुग्णालय म्हणजे 30 खाटा, उपजिल्हा म्हणजे 50 किंवा 100. पदं त्यावर, चादरी त्यावर, जेवण त्यावर, औषधाची ग्रँटही बरीचशी त्यावर. तापाच्या दिवसांत 30 खाटांच्या रुग्णालयात 60 माणसं असतात, दोन खाटांच्या मध्ये गाद्या टाकून. पण मंजूर खाटा 30 म्हणजे 30. जमिनीवरच्या पेशंटला शासनदरबारी अस्तित्व नसतं, तो फक्त सिस्टरच्या वहीत असतो.

नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काय झालं होतं? 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023, चोवीस तासांत 24 मृत्यू, त्यांत 12 नवजात बाळं. मंजूर खाटांच्या कितीतरी वर रुग्ण, आणि बाहेरून औषधं आणायला लावल्याचं नातेवाईक टीव्हीवर सांगत होते. ते ऐकताना मला धक्का बसला नाही, ओळख पटली. मग काय घडलं तेही सगळ्यांनी पाहिलं. एका खासदारांनी कॅमेऱ्यांसमोर अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. संडास घाण होता हे खरंच असणार. पण सफाई कामगारांची पदं अधिष्ठाता भरतात का? औषधाचा दरकरार त्यांच्या टेबलावर होतो का? उच्च न्यायालयाने पुढे स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला, ते योग्य दारात ठोठावणं होतं. त्याच्या दीड महिना आधी ठाण्यात कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात 18 जण गेले होते. त्याआधी 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्यात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. तीन घटना, तीन मालक. भंडारा सार्वजनिक आरोग्य खात्याचं, नांदेड वैद्यकीय शिक्षणाचं, कळवा महापालिकेचं. रुग्णाला हे तिन्ही ‘सरकारी’च वाटतात. पण एकाचं जादा औषध दुसऱ्याला द्यायचं तर पत्रव्यवहाराला महिने लागतात, आणि एका खात्याने केलेली घोषणा दुसऱ्याच्या दारावर लागू होईलच असं नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत. केसपेपरचे पैसे घेणं थांबलं, चांगलंच झालं. चिठीबद्दल त्या निर्णयाने काय बदललं, ते मेडिकलवाल्याला विचारा.

आता बांबोळी. सिंधुदुर्गातल्या माणसाला या गावाचं नाव शिकवावं लागत नाही. “बांबोळेक व्हरा” हे वाक्य घरात एकदा तरी ऐकलेलं असतं. गोवा मेडिकल कॉलेज, 1842 पासूनच्या परंपरेचं, आमच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खरं जिल्हा रुग्णालय तेच. डोक्याला मार लागला, बांबोळी. बाळंतीण अडली, बांबोळी. 2016 मध्ये दोडामार्ग भागात माकडताप आला तेव्हाही पेशंट त्याच रस्त्याने गेले. 2018 च्या सुरुवातीपासून गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा इकडे आंदोलनं झाली. गोव्यावर रागावून काय उपयोग होता? त्यांच्या तिजोरीतून आपली माणसं बरी होत होती, हे त्यांनी मोजलं. आपण मोजलं नव्हतं.

रेफर केलेला पेशंटही चिठीसारखाच असतो. तो गेला की रुग्णालयाचं काम कागदावर कमी होतं. भूलतज्ज्ञाचं पद रिकामं आहे, म्हणून सिझेरियन होत नाहीत. सिझेरियन होत नाहीत, म्हणून आढाव्यात आकडा शून्य. आकडा शून्य, म्हणून ओटीची सिस्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे. मग कधीतरी बंधपत्रित, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा देणं बंधनकारक असलेला भूलतज्ज्ञ हजर होतो, तर ओटीत सिस्टर नाही. तोही वर्ष संपायच्या आत पीजीच्या अभ्यासाला लागतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. 108 मात्र पळत असते, आणि तिच्या फेऱ्यांचा आकडा ‘सेवा सुधारली’ या सदरात जातो. एखादी अडलेली बाई बांद्याच्या पुढे, पेडणं ओलांडून, म्हापशाच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतच बाळंत होते, तिची नोंद नेमकी कोणाच्या खात्यात करायची यावर मी दोन कारकुनांना वाद घालताना ऐकलंय.

2021 मध्ये ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या मुख्यालयी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, याचा आनंद मलाही झाला. पण जिल्हा रुग्णालय कॉलेजला जोडलं की ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातं. लेखाशीर्ष, म्हणजे ज्या खात्यातून पैसा येतो ते, बदलतं, पदं नव्याने मंजूर करायची, काही माणसं जुन्या खात्याची म्हणून परत मागितली जातात. इमारत तीच, पेशंट तेच, पण मागील वर्षाचा वापर विचारला की नव्या खात्याकडे कोरा रकाना. महाराष्ट्रभर हे जिल्ह्यामागून जिल्ह्यात चाललंय. कॉलेजं काढण्याचं धोरण आहे, हस्तांतराच्या मधल्या दोन वर्षांत रुग्णालय चालवायचं कसं याचं धोरण मला कुठे दिसलं नाही.

या सगळ्यात रुग्णालय चालतं ते सिस्टरच्या कपाटामुळे. प्रत्येक वॉर्डात इन्चार्ज सिस्टरचं एक कुलूपबंद कपाट असतं. डिस्चार्ज झालेल्या पेशंटचं उरलेलं इंजेक्शन, कोणा नातेवाइकाने परत न नेलेली कॅन्युला, मार्चच्या मालातून बाजूला काढलेले दोन आयव्ही सेट. संगणकावर शून्य आणि रात्री अडीचला कपाटातून औषध निघतं, हा चमत्कार मी अनेकदा पाहिला. उलटही होतं. संगणकावर साठा दिसतो आणि वॉर्डात कोणालाच मिळत नाही, कारण चार वॉर्डांनी चार कपाटांत भरून ठेवलंय. नियमाने हे चूक. पण ज्याला पुढचा पुरवठा कधी येणार हे ठाऊक नाही तो साठवणारच, घर असो की वॉर्ड. पुरवठ्याची तारीख नक्की करा, कपाटं आपोआप रिकामी होतील. कुलपं तपासणारं पथक नेमून होणार नाहीत.

देशपातळीवर 2017 च्या आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो 1.84 टक्के आहे. त्याच लेख्यांत, एकूण आरोग्य खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2014-15 मधल्या 62.6 टक्क्यांवरून 39.4 टक्क्यांवर आल्याचं लिहिलंय. आला असेल, आनंद आहे. पण हा वाटा घरोघर विचारून केलेल्या पाहण्यांवरून काढावा लागतो. रुग्णालयांच्या दप्तरातून काढायचा म्हटलं तर निघणारच नाही, कारण आमच्या दप्तरात ती चिठी नाही.

हे लिहायचं कारण एक वही. आमच्याकडे मॅटर्निटी वॉर्डला एक सिस्टर होत्या, देवगडकडच्या. फार बोलायच्या नाहीत. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. त्यांनी स्वतःच्या पैशाने दोनशे पानी वही आणली आणि बाहेरून काय काय आणायला लावलं ते लिहायला सुरुवात केली. तारीख, वस्तू, नग, आणि नातेवाइकाने बिल दाखवलं तर किंमत. पेशंटचं नाव नाही, डॉक्टरचं तर मुळीच नाही. कोणावर शेकू नये एवढी अक्कल त्यांना होती. बारीक, सरळ अक्षर. पावसाळा संपेपर्यंत वही अर्ध्याहून जास्त भरली. कॅल्शियमचं इंजेक्शन, कॅथेटर, नवजात बाळाच्या सलाइनचा बारीक थेंबाचा सेट, युरिन बॅग. एकही वस्तू महाग नव्हती. जास्तीत जास्त वेळा आलेली वस्तू होती नाळेला लावायचा चिमटा.

जिल्ह्याच्या आढावा बैठकीला मी ती वही घेऊन गेलो. साहेबांनी पानं उलटली. मग विचारलं, “ही नोंदवही कोणत्या परिपत्रकाने सुरू केली?” परिपत्रक नव्हतं. “मग ही अधिकृत धरता येणार नाही.” माणूस वाईट नव्हता. बैठक संपल्यावर बाजूला घेऊन म्हणाला, वहीचा उल्लेख न करता आकडे मागणीपत्रात घाला, शेऱ्यात ‘संभाव्य वाढ’ लिहा, बघू काय होतं ते. आम्ही तसं केलं. त्या वर्षी नाळेचे चिमटे मागितले तेवढे आले. कॅल्शियम निम्मं आलं. बाकी वस्तूंपुढे वरून लाल शाईत प्रश्न आला, वाढीव मागणीचं समर्थन जोडावे. बाईंना विचारलं, वहीची झेरॉक्स जोडू का? त्या म्हणाल्या, “जोडा, पण माझी बदलीची ऑर्डर आलीय. पुढली पानं कोण लिहिणार तेवढं आधी बघा.”